लोणासुराचं तळं



आमच्या उमरखेडच्या वस्तीत सध्या एक ठराव फिरतो आहे. जो माणूस देवळात जाताना दिसेल त्याच्या घरच्या लग्नाला विहाराची भांडी द्यायची नाहीत, सतरंज्या द्यायच्या नाहीत. यादी करायची. यादी विहाराच्या फळ्यावर लावायची. ठराव मांडणारी पोरं माझ्याच वयाची आहेत, वाईट नाहीत. रात्री अभ्यासिका चालवतात. जयंतीला डीजे नको म्हणून घरच्यांच्या शिव्या खातात. त्यांनीच मला गाठून विचारलं, "तुझी आत्या लोणारला कमळजादेवीच्या जत्रेत असते म्हणे. नऊचे नऊ दिवस. तिचं नाव घालायचं का?"

आत्याचं माहेर उमरखेड. सासर लोणारजवळचं एक खेडं. बाईनं सासरी काय केलं त्याचा जाब माहेरी विचारायचा ही रीत जुनी आहे, आपण ती विहारातही आणली. ते असो. मी म्हणालो, पाहून येतो, मग सांगतो. हे लिहितोय ते तेच सांगणं आहे. तोंडी सांगितलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं. तळ्यानं ते लांबवलं.

मी इचलकरंजीला प्रोसेसमध्ये आहे. लोक गिरणी कामगार म्हणतात, मीही म्हणतो, पण हजेरी ठेकेदाराच्या वहीत. कापड रंगवतो. यवतमाळ जिल्हा कापसाचा. आमच्याकडचा कापूस गाडीत बसून परमुलखात जातो, तसाच मीही गेलो. दहावीनंतर जे काही शिकलो ते विहारातल्या पुस्तकांच्या कपाटातून. कविता करतो, पण तिचं इथं काम नाही. दसऱ्याच्या सुट्टीला घरी आलो होतो आणि बानं सांगून ठेवलं होतं, आत्याला घेऊन ये, यंदा सगळे मिळून नागपूरला जाऊ.

उमरखेडहून पुसद, पुसदहून वाशीम, मग रिसोड, मग लोणार. सातवी माळ होती. पुसदच्या स्टँडवर माहूरच्या गाडीला बायांची ही झुंबड. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टर म्हणाला, रेणुकेची अर्धी गर्दी सरकारनं पाठवलेली. सगळ्या बायांच्या अंगावर एकच रंग. नवरात्रात आज कोणता रंग नेसायचा हे पेपरात छापून येतं. ठरवणारा पेपरवाला. नेसणारी बाई. आणि जिगरवर बारा बारा तास उभा राहून रंगवणारा कोण, हे त्या पेपरात कधी छापून आलं नाही. माझ्या नखात त्या वेळी निळा होता. त्या दिवशीचा रंग दुसराच होता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

खिडकीबाहेर सोयाबीनची काढणी चालू होती. शेतात वाकलेल्या बायांच्या अंगावर आजचा रंग नव्हता.

आत्याच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आधी घर पाहिलं. खोटं कशाला बोलू, मुद्दाम पाहिलं. भिंतीला बाबासाहेब, खाली बुद्धाची मूर्ती, पुढं मेणबत्तीचे थेंब. दुसरा देव नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं चुलीमागंही नजर टाकली. तिथंही नाही. एवढी स्वच्छ भिंत आपल्या कित्येक कार्यकर्त्यांच्या घरात नाही. दिवाणखान्यात बुद्ध आणि आत देवघराला पडदा, अशी घरं मी मोजून दाखवीन. त्यांची यादी कोण करतं ते मला पाहायचंय.

"काय पाह्यतं रे बाबू?"

"काही नाही आत्या."

"पाह्य, पाह्य. तुले कोनं पाठोलं ते मले ठाव हाय."

सकाळी तिच्याबरोबर निघालो. तिच्या डोक्यावर पेरूचं टोपलं, माझ्या खांद्यावर सीताफळं आणि उकडलेल्या शेंगांचं पोतं. आठवी माळ.

आता तळं सांगतो. ते पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गावाबाहेर जमीन एकदम संपते. खाली मोठ्या कढईसारखा खड्डा. पावणेदोन किलोमीटरहून जरा जास्त रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल, काठावरून झाडी उतरत गेलेली आणि बुडाशी हिरवट पाणी. आभाळातून उल्का आली आणि काळ्या बेसाल्टवर आदळली, त्याचा हा खड्डा. कधी आदळली त्यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. आधी पन्नास हजार वर्षं म्हणत होते, नंतरच्या मोजणीत पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघाली. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ साली हे तळं पाहून त्याची नोंद केली. पुढं कितीतरी वर्षं लोक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. १९७३ साली इथल्या खडकात काचेसारखं झालेलं खनिज दाखवून दिलं गेलं, जे फक्त भयंकर आघातानंच होतं, तेव्हा ज्वालामुखी मागं पडला आणि उल्का नक्की झाली.

पाण्याला बाहेर जायला वाट नाही. काठाचे झरे आत येतात, दगडातला क्षार थोडा थोडा विरघळवून आणतात. ऊन पाणी नेतं, क्षार तिथंच राहतो. हजारो वर्षं हेच. म्हणून झरे गोड आणि तळं खारं. काठावर धार आहे, गोमुखातून बारमाही पाणी पडतं, तिथं लोक आंघोळ करतात. आणि खाली देवीच्या देवळाजवळ एक विहीर आहे, सासूसुनेची. एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं असं सांगतात. सासू कोणत्या बाजूची ते विचारलं तर आत्या हसली. म्हणाली, "इचारनारी सून असन त खाऱ्या बाजूची."

ही झाली शास्त्राची गोष्ट. गावाची गोष्ट दुसरी आहे.

इथं जमिनीखाली लोणासुर नावाचा दैत्य राहायचा. देवांना भारी झाला. मग विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या दोन बहिणींना भुलवलं, त्यांच्याकडून भाऊ कुठं राहतो ते काढून घेतलं, पायाच्या अंगठ्यानं बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळं म्हणजे त्याची गुहा. पाणी म्हणजे त्याचं रक्त. क्षार म्हणजे त्याचं मांस. गोष्ट अशी उघड सांगतात, लाजत नाहीत. घरात शिरून, बहिणींना फसवून, झोपेतल्या माणसाला गाठलं, ही ज्यांच्या देवाची बहादुरी, त्यांना ती बहादुरीच वाटते.

गावात त्या मारणाऱ्याचं मोठं देऊळ आहे. दैत्यसूदन. सूदन म्हणजे मारणारा. चालुक्य-यादवांच्या काळातलं काम, चांदणीसारख्या कोनांचं, दगडाला लोण्यासारखं कापलेलं. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. उतरण्याआधी आम्ही बाहेरून पाहिलं आणि मी आतही गेलो. देव दैत्याच्या अंगावर उभा आहे. मान मोडेपर्यंत वर पाहिलं तर छतातही तेच, नरसिंह हिरण्यकश्यपूचं पोट फाडतो आहे. कारागिरी अशी की हात फिरवावासा वाटतो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ह्या साऱ्या अवतारांची उलटतपासणी घेतली, मारणारा कोण आणि मेलेला कोण ते विचारलं. ते पुस्तक मी वाचलं होतं. पण छत पाहिल्याशिवाय पुस्तक अंगात गेलं नव्हतं. मेलेला माणूस दगडात कोरून त्याच्यावर आठशे वर्षं पाय ठेवून उभं राहायचं! एकदा मारून यांचं भागत नाही.

पण एक गोष्ट मला तिथं उभ्या उभ्या सुचली आणि हसू आलं. देवळाला नाव मारणाऱ्याचं, गावाला नाव मेलेल्याचं. एसटीच्या पाटीवर लोणार. तहसिलीच्या शिक्क्यावर लोणार. जगाच्या नकाशावर लोणार. दैत्यसूदन म्हणून कुणी तिकीट मागत नाही.

खाली उतरलो. दगडी पायऱ्या, मग पायवाट, बाभळी, वानरं. काठाकाठानं पडकी देवळं. कुणाला देव आहे, कुणाला नाही, आत वटवाघळांचा वास. जिथं मूर्ती नाही तिथं पुजारी नाही, आणि जिथं पुजारी नाही तिथं कुणाला मज्जाव नाही. शेळ्या आत बसतात. मला ही देवळं आवडली. त्यांच्यात आता फक्त दगडफोड्याचं काम उरलं आहे, आणि ते काम चांगलं आहे.

कमळजेचं देऊळ मात्र जिवंत. लहानसं, काळ्या दगडाचं, तळ्याच्या अगदी काठाला. मी गेलो तेव्हा पाऊस नुकताच उलगला होता, पाणी चढलेलं होतं आणि दूरच्या वळणावरून पाहिलं तर देऊळ पाण्यातच ठेवल्यासारखं दिसत होतं. बाया चिखलातून, साड्या वर धरून, एका रांगेनं चालल्या होत्या. डोक्यावर कलती उन्हं, बाजूला ते हिरवं पाणी. चित्र सुंदर होतं. नाही कशाला म्हणू? सुंदर दिसलं म्हणून धम्म बुडत नाही.

आत्या देवळापाशी गेलीच नाही. अलीकडं, वाट वळते तिथं एका दगडावर तिची ठरलेली जागा. पोतं अंथरलं, पेरूचे ढीग लावले. दहाचे दोन. तिच्या पलीकडं एक माळीण नारळ, ओटी, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या घेऊन बसलेली. तिच्याकडं गर्दी तिप्पट.

मी विचारलं, "आत्या, नारळ का नाही ठेवत? पैसा तर तिकडं आहे."

"हाय ना. एका नारळामागं चांगले सुटतात." ती पेरू पुसत होती. "पन मन होत नाई बाबू. पेरू मानूस खाते. नारळ दगडापुढं फुटते. खायाचं इकाव, फोडाचं नाई."

दोस्तहो, हा नियम तिला कुणी सांगितला नव्हता. फळ्यावर लावलेला नव्हता. नऊ दिवसांत हजार-दोन हजाराचा तोटा सोसून तिनं तो स्वतःचा स्वतः पाळला होता, आणि तोही कुणाला न सांगता. मी विचारलं नसतं तर मलाही कळला नसता.

दिवसभर मी तिच्याबरोबर बसलो. विकलंही. एक पोरगा पेरू चिरून मीठ लावून दे म्हणाला, दिलं. दुपारी दोन म्हाताऱ्या टेकल्या, पाणी मागितलं. आत्यानं आपल्या बाटलीतलं दिलं. गटगट प्यायल्या आणि गेल्या. आत्या त्यांच्या पाठीकडं पाहत म्हणाली, "माह्या लग्नाच्या वक्ताले सासरच्या गावात आमाले वरून पानी वाढत व्हते. वंजळ धरा लागे. जत्रेत बसली त आधी इचारत, कोनाची व बाई तू? आता ह्या उन्हात घसा सुकला का कोनी इचारत नाई."

"आता बदललं म्हणतेस?"

"घसा बदलला. घर नाई बदललं. हेच बाया घरी गेल्या का पुन्हा इचारतीन."

मग तिनं आपण होऊन सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

"एक डाव गेलती मी आत. तुहे मामाजी दवाखान्यात व्हते तवा. डाक्टरनं हात टेकले. मंग कोनी म्हने इकडं जा, कोनी म्हने तिकडं जा. मी इथंच बसेल व्हती, देऊळ पन्नास पावलाईवर. गेली. हात जोडले. घरी जाऊन बाबासाहेबापुढं रडली, म्हनलं बाबा, मले माफ करा. तुहे मामाजी काई वाचले नाईत. मंग पुन्हा नाई गेली." पेरूचा एक ढीग मोडून तिनं पुन्हा लावला. "त्याचा दंड किती हाय ते इचारून घे."

मी तळ्याकडं पाहत राहिलो. तिथं बोलण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी गर्दी ओसरली तसा मी पाण्याकडं गेलो. देवळाच्या दारावरून गेलो. आत अंधार, दिवा, शेंदूर, घामेजलेली गर्दी. कुणी माझी जात विचारली नाही, मी सांगितली नाही. चपला हातात होत्या, पण चिखल होता म्हणून. माझ्या आज्याच्या बापाला ह्या दारात कुणी उभं केलं नसतं. मला कुणी अडवलं नाही, आणि मला आत काही नको होतं.

पाण्यात हात घातला आणि ओळखलं! बोटं लगेच बुळबुळीत झाली. नखाच्या कडेला जिथं कातडी फुटलेली असते तिथं चुरचुरलं. अरे, हा तर आमचा सोडा! सुती कापडाला पक्का रंग धरायचा तर आधी मीठ लागतं आणि मग सोडा. मीठ रंगाला कापडाकडं रेटतं, सोडा त्याला धाग्याशी बांधतो. घमेल्यानं टाकतो आम्ही. हातमोजे मिळतात, आठ दिवसांत फाटतात, नवे महिन्यानं. ठेकेदार म्हणतो, सोड्यानं हात स्वच्छ होतात. इतक्या लांब येऊन, देवीच्या पायाशी, मला माझंच खातं सापडलं.

ह्या क्षाराला इतिहास आहे. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त लोणारची नोंद आहे, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरची. काच आणि साबण करायला लागतं ते सगळं इथं मिळतं, सोऱ्याचं काम चालतं, सरकारला त्यातून बरा महसूल होतो, असं त्यात आहे. ब्राह्मण ह्या जागेला बिशनगया म्हणतात, तेही आहे. नंतर इंग्रजांनी इथल्या क्षारांचे प्रकार लिहून ठेवले. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. उन्हाळ्यात पाणी आटलं की तो क्षार काढायचे. महसूल लिहिला, प्रकार लिहिले, देवळांची लांबीरुंदी लिहिली. भर उन्हाळ्यात ह्या कढईत उतरून, गुडघ्याएवढ्या सोड्यात उभं राहून तो उपसणारे पाय कुणाचे होते? त्यांच्या पायांचं काय झालं? मला माझ्या बोटांवरून अंदाज येतो. मिठावरून नाव पडलेली लोणारी जात महाराष्ट्रात आहे. इथल्या पाण्याला ज्यांनी अंग लावलं त्यांचं एक देऊळ नाही, एक दगड नाही. पुराण म्हणतं क्षार म्हणजे दैत्याचं मांस. मला तर वाटतं ते मांस खरंच आहे, फक्त एका दैत्याचं नाही.

अजून एक. २०२० च्या जूनमध्ये हे तळं गुलाबी झालं. साऱ्या जगाच्या पेपरांत फोटो. पाण्याचे नमुने प्रयोगशाळांत गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला. त्याच साली तळ्याला रामसर पाणथळ म्हणून मान मिळाला. चांगलं झालं. पण इचलकरंजीला आमच्या सांडपाण्यानं पंचगंगेचं काय होतं हे वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक आहे, खाली मासे मरतात, त्या रंगाला कुणी चमत्कार म्हणत नाही आणि बघायला गाड्या लागत नाहीत. जीवानं रंगवलेलं पाणी जगाला दिसलं. कामगाराच्या हातून मालकानं रंगवलेलं दिसत नाही.

मीठ म्हणलं की मला १९३० चा मार्च आठवतो. २ तारखेला नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला आपली माणसं उभी राहिली. १२ तारखेला गांधीजी साबरमतीहून मिठासाठी निघाले. दहा दिवसांचं अंतर. माझ्या शाळेत मिठाचा धडा मास्तरांनी रंगवून रंगवून शिकवला. दाराची एक ओळ होती, ती वाचून पान उलटलं. मूठभर मिठासाठी चालणं हे देशाचं काम झालं, आणि दार उघडा म्हणणं हे आमचं घरगुती भांडण.

आणि दार कशासाठी उघडायचं होतं? इथं आपली बरीच पोरं घसरतात, म्हणून लिहितो. आपल्या वऱ्हाडात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी १३ नोव्हेंबर १९२७ ला परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. मग पर्वती, मग काळाराम. पण ३ मार्च १९३४ ला त्यांनी भाऊराव गायकवाडांना जे पत्र लिहिलं त्यात स्पष्ट आहे की ही चळवळ आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून नव्हती, त्यांच्यात जोर यावा, आपण कुठं आहोत ते त्यांना कळावं म्हणून होती. पुढं येवला झालं, १३ ऑक्टोबर १९३५. मग १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर. म्हणजे देव आपल्याला कधीच नको होता. रस्ता हवा होता, दार हवं होतं, पाणी हवं होतं. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते तहान लागली होती म्हणून नव्हे. आणि त्यानंतर सवर्णांनी काय केलं? शेणमूत टाकलेल्या एकशे आठ घागरी ओतून तळं शुद्ध केलं, मारहाण केली, आणि गावोगावी आपल्या माणसांना वाळीत टाकलं. काम बंद, दाणा बंद.

वाळीत टाकलं. हा शब्द पुन्हा वाचा, आणि मग आपला भांड्यांचा ठराव वाचा.

बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. मी त्या पाळतो. ज्या घरात बुद्धाशेजारी गणपती बसतो त्या घरात मी भांडतो, जेवण अर्धवट टाकून उठलो आहे. पण नागपूरला लाखो माणसांनी त्या प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडानं म्हटल्या. कुणाच्या मागं दंडाची पावती घेऊन माणूस उभा नव्हता. प्रतिज्ञा माणूस आपण होऊन घेतो. दंड गावकी लावते. लग्नाला भांडी बंद, चुलीला विस्तव बंद, हे हत्यार ज्यांच्या हातात होतं त्यांनी ते आपल्या पाठीवर चालवलं. तेच आपण धुऊनपुसून विहारात ठेवायचं? आणि चालवायचं पहिल्यांदा कुणावर, तर पेरू विकणाऱ्या विधवेवर. ज्याचा मोठा बंगला आहे आणि दर श्रावणात सत्यनारायण आहे तो विहाराला देणगी देतो, त्याला भांडी लागत नाहीत, तो हॉल घेतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून लागू आहे. समाजाच्या सोयी एखाद्याला नाकारणं हा त्यात गुन्हा आहे. तो कायदा जातपंचायतींसाठी आला, आपल्यासाठी नव्हे असं कुणी म्हणेल. मग आपण जातपंचायतीसारखं वागू नये.

मला विचाराल तर काम दुसरं आहे. ह्या तळ्यावर रोज माणसं येतात. त्यांना देवळाची गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत. उल्केची गोष्ट सांगणारे थोडे. क्षार उपसणाऱ्यांची गोष्ट सांगणारा मला त्या दिवशी एकही भेटला नाही. घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द सरळ लिहिलेले आहेत. देऊळ सोडा, पण तलाव आपल्या नावावर घटनेनं लिहून दिलाय. तो सोडून आपण घरी का बसायचं? आपल्या अभ्यासिकेतल्या पोरांना एका रविवारी इथं आणा. दैत्यसूदनाचं छत दाखवा. पाण्यात बोटं घालायला लावा. भाडं मी ओव्हरटाइममधून अर्धं देतो.

संध्याकाळी टोपलं रिकामं झालं. सहा पेरू उरले, ते वाटेत वानरांनी नेले. चढताना आत्या तीनदा बसली. घरी आल्यावर पोतं झटकून त्यावर पैसे मोजले. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी. एक ढीग बाजूला काढला.

"हे कशाचे?"

"नागपूरचे. जायायेचं अर्धं तिकिट, दोन वक्ताचं जेवन, आन एक पुस्तक."

"तुला वाचता येतं?"

"मले नाई येत. नातीले येते. दरसाल एक घेतो दीक्षाभूमीवरून. अकरा झाले." तिनं पत्र्याच्या पेटीकडं हनुवटीनं दाखवलं. "दसऱ्याच्या आधी नऊ दिवस बसलं नाई त हे कोठून येईन? तुह्या दोस्ताइले यादीत नाव लिवाचं असन त लिवू दे. पन त्याच्या खाली हेबी लिवा म्हना."

पेटी उघडली. वर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' होतं, कव्हर घातलेलं. मी पुस्तकं चाळत बसलो. तिनं पैसे फडक्यात बांधले, गाठ दातानं ओढून पक्की केली.

"नवव्या माळेले जास्त माल लागन," ती म्हणाली. "तू येशील ना संगं? आन दसऱ्याची मेहकरहून गाडी धराची असन त रातीच उठा लागन. झोप आता."